बातमीवर नाव कुणाचं

तमांदानी फिरी माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायलाच. २०२० सालचा फेब्रुवारी होता, लॉकडाऊन अजून लांब होतं. आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिप गावात मेन स्ट्रीटवरचं माझं दुकान तसं लहान. पुढे डाळी, मसाले, पिठं. मागे तांदळाच्या गोण्या. सुक्या माशांचं कपाट, म्हणजे इथल्या भाषेत प्रेस, मी मुद्दाम अगदी आत ठेवलेलं आहे. चिप कारखान्यातले आमचे शाकाहारी इंजिनियर वास आला की डाळ न घेताच परत फिरतात. ही बाई दारातून आत आली, हवा हुंगली आणि सरळ त्या प्रेसपाशी जाऊन उभी राहिली. उंच, रुंद खांद्यांची, डोक्याला निळा रुमाल बांधलेला, गळ्यात दोरीला अडकवलेलं पेन. सुकटीचं पाकीट तिने उजेडात धरलं.

"हे कुठलं?"

"मुंबईचं."

"कोणी पकडलं?"

"मला काय माहीत? खोक्यावर मुंबई लिहिलंय."

"मुंबई मासे पकडत नाही, मिस्टर. माणूस पकडतो."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. घ्यायचं तर घे, नाहीतर ठेव, असं मी तिला सुनावलं. ती हलली नाही. "ज्या मालाच्या माणसाचं नाव तुला सांगता येत नाही, त्याला एवढा भाव कसा लावतोस?" असं म्हणून तिने घासाघीस सुरू केली. चिंचवडहून डिप्लोमा घेऊन मी इथे टेक्निशियन म्हणून आलो, कंत्राट संपल्यावर कंपनीने हातात नारळ दिला, तेव्हा हे दुकान काढलं. नऊ वर्षांत काउंटरवर कुणाला सूट दिली नव्हती. तिला दिली. का दिली ते अजून कळलेलं नाही.

त्या आठवड्यात मुंबईच्या व्यापाऱ्याला मी ऑर्डरसाठी फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, ही सुकट वाळवतं कोण? तो हसायला लागला. "शेलारसाहेब, तब्येत बरी आहे ना?" मी ऐकेना तेव्हा त्याने कुणाला तरी हाक मारली आणि नाव सांगितलं, हिराबाई. पुढच्या वेळी तमांदानी आली तेव्हा मी ते तिला सांगितलं. तिने वही काढली, नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "बघ, आता भाव बरोबर आहे." त्या दिवशी तिने पूर्ण पैसे दिले.

ती मलावीची. आफ्रिकेच्या नकाशात बोटाने शोधावा लागेल असा लांबट, चिंचोळा देश, बाजूने तसाच लांबट तलाव. त्या तलावाकाठच्या जिल्ह्यात तिने सतरा वर्षं एका वर्तमानपत्रासाठी बातमीदारी केली होती. शेजारच्या मेनूथच्या विद्यापीठात एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर ती वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एम. ए. करायला आली. कोर्स संपला तेव्हा परतीच्या विमानांचा ठिकाणा नव्हता, म्हणून लिक्सलिपच्या एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करू लागली. शिफ्ट संपली की दुकानात यायची. वैशाली, माझी बायको, तिला तमाताई म्हणायची. मला ती अचिम्वेने म्हणायची, म्हणजे तिच्या भाषेत भाऊ. पण चिडली की नुसतं शेलार. मी बहुतेक वेळा शेलारच असायचो.

तिची बोलण्याची पद्धत पाहून पहिले काही महिने मला घाम फुटायचा. मलावीत कुणालाही फोन लावला की दहा मिनिटं नुसती ख्यालीखुशाली. घरचे कसे आहेत, सासू कशी आहे, पाऊस किती झाला, गावात कुणी गेलं का. मी काउंटरमागून खुणा करायचो, मुद्द्यावर ये. ती फोन ठेवून म्हणायची, "अचिम्वेने, हाच मुद्दा आहे. विचारपूस न करता प्रश्न विचारला, तर माणूस फक्त तुला बरं वाटेल असं उत्तर देतो. परदेशातून येणाऱ्यांना अशी गोड उत्तरंच मिळतात, आणि तीच ते छापतात."

परदेशातून येणाऱ्यांबद्दल तिला बोलायचा हक्क होता. पूर आला, दुष्काळ पडला, निवडणूक आली की युरोपातले पत्रकार तिच्या जिल्ह्यात उतरायचे. गाडी ती ठरवायची, माणसं ती शोधायची, दुभाषी ती व्हायची, प्रश्नही बऱ्याचदा तीच सुचवायची. त्या धंद्यात अशा स्थानिक माणसाला फिक्सर म्हणतात. बातमीच्या वर नाव त्या पाहुण्याचं. तिचं नाव कधी शेवटी बारीक अक्षरात, बहुतेक वेळा तेही नाही. तिच्याकडे कात्रणांची एक फाईल होती. प्रत्येक कात्रणात आपण मिळवलेल्या वाक्याभोवती तिने पेन्सिलीने गोल केलेला. काही कात्रणांत गोलाबाहेर फारसं काही उरतच नव्हतं.

"एकदा तरी," तिने वैशालीला सांगितलं होतं, "घरी परत जाण्याआधी एकदा तरी तिकडची एखादी बातमी इकडच्या पेपरात यावी, आणि वर माझं नाव असावं. मग मी गप्प बसेन." ती गप्प बसेल यावर आमचा दोघांचाही विश्वास नव्हता, पण पहिलं मागणं खरं होतं.

त्या फाईलमध्ये एक कात्रण उलटं लावलेलं होतं. का, ते तिने एका दुपारी सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी एक टीव्हीवाला आला होता. तलावाकाठी एक बाई बारीक मासे वाळत घालत होती. त्याने विचारलं, आज जेवलीस का? बाई म्हणाली, नाही. काल? नाही. परवा? नाही. चार दिवस झाले जेवून. तमांदानीने त्याच जागी त्याला सांगितलं की आमच्याकडे मक्याच्या पिठाचं न्सिमा खाल्लं तरच जेवण. ही बाई रताळी खाते आहे, आंबे खाते आहे, मासे खाते आहे, पण न्सिमा नाही म्हणून जेवलो नाही म्हणते आहे. मका संपलाय ही खरी बातमी आहे, ती दे. तो म्हणाला, एवढं समजावायला वेळ नाही. चार दिवस उपाशी असलेली बाई जगभर गेली, पेपरातही आली, नावासकट.

वैशाली फस्सकन हसली. "अगं, आमच्या सासूबाई तशाच. दोन ताटं पोहे खाऊन सांगतात, सकाळपासून जेवले नाही."

तमांदानीही हसली, पण पुढचं हसू न येणारं होतं. त्या बाईचा नवरा धडधाकट कोळी. गावाने त्याला विचारायला सुरुवात केली, बायकोला चार दिवस उपाशी ठेवतोस होय? तो लाजेने दुसऱ्या गावच्या होडीवर कामाला गेला. तमांदानी ते कात्रण घेऊन त्या बाईची माफी मागायला गेली. बाई म्हणाली, "तो तर पाहुणा होता, त्याला काय कळणार. तू तर आमची होतीस." हे सांगताना तमांदानी पाकिटावरची मुदत वाचत असल्यासारखी खाली बघत होती. "म्हणून ते उलटं आहे," ती म्हणाली. "त्या बातमीत माझं नाव नाही, याचं मला एकदाच बरं वाटलं, आणि त्याचीच मला लाज वाटते."

माझंही एक दुखणं होतं, ते मी तिच्यापुढे मांडलं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी व्हॅन घेऊन सिटीवेस्टपासून मेनूथपर्यंत सामान पोचवत होतो. हॉस्पिटलातले आपले डॉक्टर, विलगीकरणात अडकलेली कुटुंबं, सगळ्यांच्या दारात पिठं-भाज्या ठेवून बेल वाजवायची आणि मागे सरायचं. पुण्याच्या एका दैनिकासाठी लंडनमध्ये बसलेल्या एका मराठी बातमीदाराने माझ्याशी तासभर फोनवर बोलून सगळं लिहून घेतलं. छापून आलं तेव्हा त्यात डब्लिनच्या एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो होता, आणि मी होतो 'एका स्थानिक दुकानदाराने सांगितले'. चिंचवडला आईने शेजारणीला पेपर दाखवला, त्यात मी कुठे ते तिला दाखवताच येईना. हे सांगताना माझा आवाज चढला. वैशालीने नेहमीप्रमाणे दुकानाचं दार लोटून घेतलं.

तमांदानीने शांतपणे विचारलं, "नाव छापणार का, हे तू त्याला आधी विचारलंस?"

"नाही."

"म्हणजे भाव न ठरवता माल दिलास. तू? शेलार, तू?"

मला आयुष्यात इतकं बरोबर कुणी बोललेलं नाही. मी तिच्यावर दोन दिवस रागावून होतो.

२०२१च्या जानेवारीत कडक निर्बंध पुन्हा लागले. अंत्ययात्रेला मोजकीच माणसं चालत, म्हणून लिक्सलिपचे लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना लांब लांब उभे राहून शववाहिकेला निरोप द्यायचे. एका सकाळी अशी गाडी दुकानावरून जाणार होती. तमांदानी रात्रपाळी करून आलेली. तिने पिशवी खाली ठेवली, बाहेर गेली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि थंडीत वीस मिनिटं उभी राहिली. गाडी गेल्यावर शेजारच्या केशकर्तनालयाच्या मालकाला विचारलं, "कोण होत्या?" तो म्हणाला, "शाळेत जेवण वाढायच्या, नोरा. तुम्ही ओळखत होता?" "आता ओळखते," ती म्हणाली. तो मला नंतर म्हणाला, "फेअर प्ले टू हर," म्हणजे शाबास तिची. " आमच्यातले निम्मे नाव न विचारताच गेले."

त्याच महिन्याच्या शेवटी डब्लिनच्या एका वर्तमानपत्रातून तिला फोन आला. डेक्लन नावाचा संपादक. त्यांचा ओशीन नावाचा बातमीदार दर वर्षी आफ्रिकेत जाऊन यायचा. मलावीत तमांदानीने त्याच्यासाठी दोनदा फिक्सरचं काम केलं होतं. आता विमान नाही, ओशीन आपल्या स्वयंपाकघरात अडकलेला. त्यांना तलावाकाठच्या गावांतली करोनाची बातमी हवी होती.

बातमी तिच्याकडे तयार होती. तिच्या जिल्ह्यातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर काम करणारा चिसोमो नावाचा तरुण बातमीदार तीन आठवडे सायकलवरून गावोगाव फिरत होता आणि तिला आवाजी निरोप पाठवत होता. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या मजुरांना एका गावाने किनाऱ्यावरच्या झोपड्यांत वेगळं ठेवलं होतं. बायका न्सिमाची भांडी एका दगडावर ठेवायच्या, मागे सरायच्या, आणि लांबून ओरडून पूर्ण विचारपूस करायच्या. एकही प्रश्न गाळायच्या नाहीत. सरकारी माणूस यायच्या आधी गावाने स्वतःच हे सगळं बसवलं होतं. हे निरोप आम्ही दुकानात ऐकायचो. मागे लाटा, कोंबडे आणि चिसोमोची धाप. ती थांबवून थांबवून विचारायची: दगड कुणी निवडला? तिचं वय? तिला हे वाचून दाखवलंस का? तो पुन्हा सायकल काढायचा.

डेक्लनचं म्हणणं सरळ होतं. ओशीन लिहील, वर त्याचं नाव. खाली तिरक्या अक्षरात 'अधिक माहिती: तमांदानी फिरी'. दुपारी चारला तो पुन्हा फोन करणार होता. ती हो म्हणायच्या बेतात होती.

"हो म्हणालीस तर या दुकानात सुकट मिळणार नाही," मी म्हणालो.

वैशाली म्हणाली, "अहो, धमक्या काय देताय? शिकवा तिला."

मी शिकवलं. माल तुझ्याकडे आहे. ओशीनकडे फक्त स्वयंपाकघर आहे. एकदाच नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही, आणि मग तोंड मिटून बसायचं. जो आधी बोलतो तो हरतो. वैशालीला डेक्लन करून आम्ही तीनदा सराव केला. तिसऱ्या वेळी वैशालीच गप्पपणाला कंटाळून म्हणाली, "बाई गं, घे काय हवं ते."

चारला फोन आला. तांदळाच्या गोण्यांमध्ये बसून तिने तो स्पीकरवर टाकला.

"नाही," ती म्हणाली. आणि गप्प.

मी गोणीवरचा शिक्का बघत बसलो. डेक्लन "हॅलो?" म्हणाला. मग खोकला. मग म्हणाला, आमच्या वाचकांना ओशीन माहीत आहे. ती गप्प. मग म्हणाला, बरं, दोन्ही नावं वर देऊ. मी मान हलवली, नाही. ती गप्प. शेवटी त्याने मोठा श्वास सोडला. "ग्रँड, ठीक आहे. तुम्हीच लिहा. वर फक्त तुमचं नाव. पण जागा एकाच नावाची आहे, पुढे वाढवू नका."

माझे दोन्ही हात वर गेले. सतरा वर्षांचं काम झालं होतं, आणि ते माझ्या दुकानात झालं होतं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी.

तमांदानी म्हणाली, "एकच नाव असेल तर चिसोमोचं छापा."

सगळ्यांचं तोंड गोड करायला मी गुळाची ढेप हातात घेतली होती, ती खाली पडली.

"कोण चिसोमो?" डेक्लनने विचारलं. "तुमचा फिक्सर का?"

"नाही," ती म्हणाली. "मी त्याची फिक्सर आहे. मी डब्लिनजवळ बसून त्याच्यासाठी पेपर शोधून दिला."

तो फोन संपल्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी जिंकून दिलं आणि तू दान केलंस, हे त्यातलं सौम्य वाक्य. तो पोरगा अजून तिशीत नाही, त्याला दहा संधी मिळतील, तुला कोण विचारणार आहे परत? आणि त्यालाही कळलं नसतं!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं, शेलार? आता ऐक. या तीन आठवड्यांत मी मेनूथहून बाहेर पाऊल टाकलं ते नर्सिंग होमपर्यंत आणि तुझ्या दुकानापर्यंत. सायकल त्याने मारली. दगडापाशी तो उभा होता. मी इथे उबेत बसून त्याला विचारत होते, तिचं वय काय, परत जा. ओशीन माझ्याशी हेच करायचा. फक्त मी त्याच्यापेक्षा चांगले प्रश्न विचारते, एवढंच." गळ्यातलं पेन हातात धरून म्हणाली, "मला नाव हवंय, अचिम्वेने. फार हवंय. पण या बातमीत परदेशी बातमीदार मी आहे."

मी गूळ गोळा करू लागलो.

बातमी शनिवारच्या अंकात आली. चिसोमोचं नाव वर, ठळक. दगड निवडणाऱ्या बाईचं नाव दुसऱ्याच ओळीत. न्सिमा म्हणजे काय हे दोन वाक्यांत नीट समजावलेलं. वेळ आणि जागा दोन्ही मिळाली होती. तमांदानी फिरी हे नाव कुठेही नव्हतं. मी दुकानातून पळत जाऊन कोपऱ्यावरचे सगळे अंक उचलले. ती मास्क लावून मेन स्ट्रीटवरच उभी होती, फोनवर चिसोमोला पूर्ण बातमी वाचून दाखवत होती. वाचायच्या आधी त्याच्या आईची, सायकलची आणि पावसाची चौकशी करून झाली होती, हे मला वेगळं सांगायला नको. त्याचं नाव तिने इतक्या मोठ्यांदा वाचलं की बस स्टॉपवरचे दोघे वळून बघू लागले. त्यांच्या हातात मी एकेक अंक दिला. फुकट. माझ्या दुकानात जमलेली बातमी आहे, म्हणालो. वाचा.

नंतर डेक्लनचे बाकीचे फोन सरळ चिसोमोला जाऊ लागले. नंबर तिनेच दिला होता. मी कपाळाला हात लावायचो, आणि गिऱ्हाइकांना भिंतीवरचं कात्रण दाखवून सांगायचो, यात जिचं नाव नाही ती आमची तमाताई.

ऑक्टोबरमध्ये तिला आदिस अबाबामार्गे तिकीट मिळालं. विमानतळावर मीच तिला व्हॅनने सोडलं. सामानात पुस्तकं जास्त, कपडे कमी. टर्मिनलमध्ये फक्त प्रवाशांना प्रवेश होता, म्हणून निरोप फुटपाथवरच. वैशालीने दिलेली पिशवी तिच्या हातात देत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. डेक्लन. चिसोमो राजधानीत दुसऱ्या कामात अडकला होता, आणि त्यांना तलावाकाठून काहीतरी ताबडतोब हवं होतं. आत्ता फोनवर थोडं सांगाल का?

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आज मी आयर्लंडमध्ये आहे, आज माझ्या बोलण्याला काही अर्थ नाही. परवा मी तिथे असेन. परवा विचारा. पण वर नाव कुणाचं, ते आत्ता ठरवू."

मागून सुरक्षारक्षक व्हॅनच्या काचेवर टकटक करायला लागला, व्हॅन हलवा. मी त्याच्याशी एरवी भांडलो असतो. गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं. ती ट्रॉलीला टेकून उभी होती, फोन कानाला, आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत सावकाश वर-खाली फिरत होतं, एकेक अक्षर वेगळं काढत. पलीकडे कुणीतरी तिचं नाव लिहून घेत होतं.